पार्श्वभूमी: यादीतलं काम, आपोआप होणारं चित्र आणि ‘टास्क’ या शब्दाचा गुंता

सांगलीत गणपती पेठेतल्या मसाल्याच्या दुकानाला, मार्केट यार्डातल्या बेदाण्याच्या अडतीला किंवा विश्रामबागेतल्या क्लासला आता जवळजवळ रोज एक चित्र लागतं. कधी व्हॉट्सॲप स्टेटससाठी, कधी फ्लेक्ससाठी. ‘उद्या बेदाण्याची पोस्ट’ हे काम कुणाच्या तरी मोबाइलमधल्या यादीत लिहिलेलं असतंच. तीच ओळ एआयकडे जावी आणि तयार चित्र त्याच ओळीखाली येऊन बसावं, ही सोय २०२२ च्या अखेरीस सर्वांच्या आवाक्यात आली. त्याआधी याद्या, जोडणीची साधनं आणि चित्रं करणारी मॉडेलं आपापल्या वाटेनं वाढली. आजच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच आहे.

ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा क्रॉन १९७९ च्या युनिक्समध्येही होता. ‘एका सेवेनं दुसरीला स्वतःहून कळवायचं’ या पद्धतीला वेबहुक हे नाव २००७ मध्ये मिळालं. कामांच्या याद्या ठेवणाऱ्या ॲपपैकी टुडूइस्टही २००७ चं, ट्रेलो २०११ चं. कोड न लिहिता दोन सेवा जोडणारं झेपियर २०१२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, त्याच धर्तीचं इंटिग्रोमॅट २०१६ मध्ये आलं आणि २०२२ मध्ये त्याचं ‘मेक’ झालं. स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारं एन-एट-एन २०१९ चं.

चित्रांचा इतिहास त्या मानानं कालपरवाचा. लिहिलेल्या वर्णनावरून चित्र काढणारं डॅल-ई जानेवारी २०२१ मध्ये दाखवलं गेलं, दुसरी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये आली, मिडजर्नी जुलैमध्ये खुलं झालं आणि स्टेबल डिफ्यूजन ऑगस्टमध्ये. पण चित्र निघणं वेगळं आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरनं ते मागवणं वेगळं. डॅल-ईचा एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला चित्र मागवता येईल असं दार, नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हा ही जोडणी खऱ्या अर्थानं सुरू झाली. मिडजर्नी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर चालायचं आणि त्याला अधिकृत एपीआय नव्हता. काहींनी आडवाटेचे पूल बांधले. त्यात खातं बंद होण्याचा धोका असतो, म्हणून धंद्याच्या कामाला ती वाट घेऊ नये.

आता मुख्य गुंता. यादीच्या ॲपमध्ये ‘टास्क’ म्हणजे करायचं काम. झेपियरमध्ये ‘टास्क’ म्हणजे बिलात मोजली जाणारी यशस्वी पायरी. टुडूइस्टच्या वेबहुकमध्ये त्याच कामाचं नाव ‘आयटम’ आणि ट्रेलोत ‘कार्ड’. पहिल्यांदा जोडणी करणारा माणूस मोफत योजनेत ‘महिन्याला १०० टास्क’ वाचतो आणि शंभर चित्रं धरून चालतो. प्रत्यक्षात टुडूइस्टमधून काम उचलणं ही ट्रिगरची, म्हणजे साखळी सुरू करणारी पायरी, ती मोजली जात नाही. चित्र करणं हा एक टास्क, ते गूगल ड्राइव्हमध्ये ठेवणं दुसरा आणि दुवा यादीत परत लिहिणं तिसरा. शंभरात चित्रं बसतात तेहतीस. शिवाय मोफत योजनेत दोनच पायऱ्यांची साखळी चालते, म्हणजे ही चार पायऱ्यांची रचना तिथे उभीच राहत नाही.

मेकनं वेगळा शब्द धरला: ‘ऑपरेशन’. २०२५ मध्ये त्याचं ‘क्रेडिट’ झालं, साध्या पायरीचा हिशेब मात्र एकास एकच राहिला. मोफत योजनेत ती महिन्याला १,००० मिळतात आणि आकडा भरपूर वाटतो. पण इथे ट्रिगरनं यादी तपासली की काही सापडो न सापडो, एक ऑपरेशन खर्च होतं. दर १५ मिनिटांनी तपासणी म्हणजे दिवसाला ९६. एकही चित्र न काढता हजाराचा कोटा अकराव्या दिवशी संपतो. उपाय दोन. तपासणी दुकानाच्या वेळेपुरती, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, तासाला एकदा ठेवली तर महिन्याला ३३० मध्ये भागतं. नाहीतर वेबहुकचा ट्रिगर घ्यावा, तो काम आल्यावरच जागा होतो. एन-एट-एनमध्ये साखळीची एक अख्खी फेरी एकच मोजतात आणि स्वतःच्या सर्व्हरवर तीही मोजणी लागत नाही. नियमित चित्रं काढणाऱ्या छोट्या धंद्याला हाच हिशेब न्याय्य वाटतो.

शब्दाचा हा गोंधळ ट्रिगरपर्यंत पोचतो. ‘नवा टास्क आला की चित्र काढ’ ही मांडणी सगळ्यात जास्त दिसते आणि तीच सगळ्यात जास्त फसते. पहिलं कारण, कामाचा आयडी. ‘दर गुरुवारी बेदाणा पोस्ट’ असं पुन्हा पुन्हा येणारं काम टुडूइस्टमध्ये पूर्ण केलं की त्याची फक्त तारीख पुढे सरकते, आयडी तोच राहतो. तपासणीचा ट्रिगर एकदा पाहिलेला आयडी नवा मानत नाही. पहिल्या गुरुवारी चित्र येतं, दुसऱ्यापासून शांतता. दुसरं कारण, घाई. काम लिहिताना माणूस ‘बेदाणा’ एवढंच टाइप करतो आणि वर्णन नंतर भरतो. तोवर साखळीनं एका शब्दावर चित्र काढून पैसे खर्च केलेले असतात. मग काही जण ‘काम बदललं की’ हा ट्रिगर लावतात. त्यात साखळीनं परत लिहिलेला दुवा हाही बदलच ठरतो, तो पुन्हा ट्रिगर चालवतो आणि चित्रांमागून चित्रं निघत राहतात.

काम पूर्ण झाल्याची खूण केल्यावर चित्र काढावं, असाही एक पक्ष आहे. ते अजिबात पटत नाही. चित्र नापसंत ठरलं तर यादीत काम शिल्लकच नसतं.

टिकणारी रचना लेबलांची आहे. वर्णन भरून झालं की माणसानं स्वतः ‘चित्र-हवं’ हे लेबल लावायचं. साखळीची पहिली पायरी ते काढून ‘चित्र-चालू’ लावते आणि त्यानंतरच एआयला हाक मारते. शेवटी ‘चित्र-पाहा’, काही बिघडलं तर ‘चित्र-अडलं’. एकच वेबहुक दोनदा आला तरी दुसऱ्यांदा ‘चित्र-हवं’ सापडत नाही. काळजी एवढीच, की टुडूइस्टला लेबल पाठवताना पूर्ण यादी पाठवावी लागते. एकटं नवं लेबल पाठवलं तर आधीची ‘तातडीचं’, ‘फ्लेक्स’ ही लेबलं पुसली जातात.

वेळेचंही पाहावं. एन-एट-एन स्वतः बसवलं तर त्याचं मूळ घड्याळ न्यूयॉर्कचं असतं. ते ‘एशिया/कोलकाता’ केलं नाही, तर सकाळी सहाची फेरी दुपारी किंवा संध्याकाळी चालते.

चित्राच्या बाजूला दोन बदलांनी चालू साखळ्या मोडल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये डॅल-ई ३ एपीआयमध्ये आलं. ते दिलेली सूचना स्वतः वाढवून लिहायचं आणि बदललेला मजकूर उत्तरात परत द्यायचं. तो कामाखाली टिपणीत जपावा लागायचा, नाहीतर पुढच्या आठवड्यात तीच शैली मिळवणं कठीण जायचं. चित्राचा दुवा तासाभरात मरायचा, म्हणून थेट दुवा यादीत लिहिणाऱ्यांना संध्याकाळी रिकामी चौकट दिसायची. एप्रिल २०२५ मध्ये आलेलं जीपीटी-इमेज-१ दुवा देतच नाही. चित्र बेस६४ मजकुराच्या रूपात, म्हणजे अक्षरांच्या लांबलचक ओळीसारखं येतं, आणि त्याची फाइल करण्याची पायरी मध्ये घालावी लागते. दुव्याच्या जागी रिकामं मूल्य आणि तरीही साखळी हिरवी, म्हणजे यशस्वी दिसणं, हे त्याचंच लक्षण. चौरस चित्राचा तेव्हाचा दर दर्जानुसार साधारण १, ४ आणि १७ सेंट होता. कच्चं चित्र हलक्या दर्जात काढून, पसंत पडल्यावर वरच्या दर्जात काढलेलं परवडतं.

मराठी मजकूर चित्रातच लिहायला सांगू नये. जोडाक्षरं आणि वेलांट्या बिघडतात. ‘श्रद्धा’, ‘प्रथमेश’ यांसारख्या नावांवर ग्राहक नाराज होतो आणि त्याची नाराजी रास्त असते. सूचनेत ‘अक्षरं नकोत, वरचा एक तृतीयांश भाग मोकळा’ असं लिहावं आणि मजकूर नंतर टेम्प्लेटमधून बसवावा. इथे जुना वारसा आडवा येतो. फ्लेक्सच्या आणि डीटीपीच्या दुकानांत, युनिकोड ही अक्षरांची सर्वत्र चालणारी पद्धत येण्याआधीचे मराठी फॉन्ट वर्षानुवर्षं रुजले. यादीतला मजकूर मात्र युनिकोड. तो जुन्या फॉन्टमध्ये चिकटवला की भलतीच अक्षरं उमटतात. कन्व्हर्टर वापरावा किंवा टेम्प्लेटच युनिकोड फॉन्टवर न्यावा. सूचनेत वस्तूचंही नेमकं वर्णन हवं: नुसतं ‘हळद’ म्हटलं तर भुकटीचा ढीग येऊ शकतो, म्हणून ‘वाळवून पॉलिश केलेली अखंड हळकुंडं’ असं लिहावं.

फ्लेक्सचा हिशेब तर आधीच करावा. दहा बाय सहा फुटांच्या बोर्डाची रुंदी १२० इंच. डॅल-ई ३ चं आडवं चित्र १७९२ पिक्सेल रुंद असायचं, म्हणजे इंचाला पंधराच पिक्सेल. इंचाला ७२ धरले तर ८,६४० लागतात, जवळपास पाचपट. चित्र मोठं करणारी वेगळी पायरी लावल्याशिवाय ती फाइल छपाईला देऊ नये.

शेवटचा धागा पैशांचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतीय कार्डांवरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी नोंदवलेली परवानगी लागते. सुरुवातीला ५,००० रुपयांवरच्या प्रत्येक वसुलीला ओटीपी लागायचा, जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० झाली. ज्या परदेशी सेवांनी ही सोय केली नव्हती त्यांची दरमहा वसुली अडली आणि साखळ्या बंद पडल्या. आधी भरलेल्या शिलकीवर चालणारा एपीआय त्यामुळे सोयीचा वाटतो. पण शिल्लक संपली की तोही ४२९ हा मागणी नाकारल्याचा कोड देतो, आणि फार वेगानं मागण्या आल्या तरी ४२९ च. साखळीला दोन्ही सारखेच दिसतात आणि ती ‘थोड्या वेळानं पुन्हा’ म्हणत रात्रभर हाका मारत बसते. कोडसोबत येणारा मजकूर वाचून, त्यात कोटा संपल्याचा उल्लेख असेल तर तिथेच थांबून ‘चित्र-अडलं’ लावणारी अट घालावी.