ऊन पडलं तरी मॅच रद्द? स्पीडवेवाल्यांचं पावसाचं गणित

इंदूरला होळकर स्टेडियमवर मॅच असली आणि आभाळ भरून आलं की अख्खं गाव हवामानतज्ञ होतं. २४ सप्टेंबर २०२३ ची भारत-ऑस्ट्रेलिया वनडे आठवत असेल, मध्येच पाऊस आला, ऑस्ट्रेलियाला ३३ ओव्हरमध्ये ३१७ असं नवीन टार्गेट मिळालं, आणि मॅच पूर्ण झाली. क्रिकेटला ही सोय आहे, ओव्हर कापा, डकवर्थ-लुईस-स्टर्न लावा, निकाल काढा. पण समजा खेळच मातीवर असेल, त्या मातीवर ताशी शंभर-सव्वाशेच्या स्पीडने मोटरसायकली आडव्या घसरवत न्यायच्या असतील आणि त्या मोटरसायकलींना ब्रेकच नसतील तर?

हा खेळ म्हणजे स्पीडवे. आपल्याकडे फारसा कोणी बघत नाही, पण पोलंडमध्ये याची जबरदस्त क्रेझ आहे, ब्रिटन, स्वीडन, डेन्मार्कमध्येही चालतो. १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जोर धरला आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये लंडनजवळ हाय बीचला ब्रिटनमधली पहिली मोठी मीटिंग, म्हणजे शर्यतींचा कार्यक्रम, झाली. चार रायडर, चार लॅप, मिनिटभरात हीट, म्हणजे एक शर्यत, संपते. ५०० सीसीचं इंजिन, मिथेनॉलवर चालणारं, गिअर एकच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पुढचं चाक उलट्या दिशेला धरायचं आणि बाकी सगळा कंट्रोल थ्रॉटलवर.

आता गंमत बघा. या खेळाच्या आयोजकांची पावसाने झोप उडते, आणि तेच लोक मॅचच्या दिवशी स्वतः टँकर फिरवून ट्रॅकवर पाणी मारतात! म्हणजे भांडण पाण्याशी नाहीये, किती पाणी आणि कधी याच्याशी आहे.

ट्रॅकचा वरचा थर दगडाचा चुरा, विटांचा चुरा आणि थोडी चिकणमाती असा असतो, त्याला शेल म्हणतात. पूर्ण कोरडा असला तर धुळीचा लोट उठतो, मागच्या रायडरला काही दिसत नाही आणि चाकाला पकडही मिळत नाही. थोडा ओला असला की दोन कणांमध्ये पाण्याचे बारीक पूल तयार होतात, पृष्ठताणामुळे ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात आणि थर घट्ट होतो. पाणी अजून वाढलं की कणांमधली हवेची जागाच संपते, पूल नाहीसे होतात, आणि वजन कणांऐवजी पाणी पेलायला लागतं. मग रबरब. कणीक मळताना चमचाभर पाणी जास्त पडलं की जे होतं तेच, फक्त इथे परातीऐवजी तीनशे मीटरचा ट्रॅक आहे.

हा प्रकार मोजायची पद्धत आल्बर्ट अ‍ॅटरबर्ग नावाच्या स्वीडिश केमिस्टने १९११ मध्ये मांडली, सिव्हिल इंजिनिअरिंगवाली मंडळी आजही तीच वापरतात. मातीची बारीक वळी वळायची, साधारण ३ मिमी जाडीला ती तुटायला लागली तर तिच्यातलं पाणी ‘प्लास्टिक लिमिट’ला आहे. त्याच्या खाली माती भुगा होते, बरंच वर गेली की ‘लिक्विड लिमिट’, तिथून माती वाहायला लागते. चांगल्या ट्रॅकवाल्याला हे आकडे लागत नाहीत, तो बुटाची टाच दाबून बघतो आणि सांगतो. आपला शेतकरी वाफसा आलाय का ते ढेकूळ हातात घेऊन सांगतो, तसंच.

आपल्या माळव्याच्या काळ्या मातीवर स्पीडवे ट्रॅक करायचा म्हटलं तर मात्र अवघड आहे राव. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचे अतिशय पातळ पापुद्रे असतात आणि पाणी थेट त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं, म्हणून माती फुगते. मे महिन्यात हात जाईल अशा भेगा आणि जुलैमध्ये प्रत्येक पावलागणिक चपलेला किलोभर चिखल, दोन्ही याच खनिजाची कृपा. एकदा फुगली की पाणी खाली जाऊ देत नाही, वरचं वरच थांबतं. क्रिकेटच्या पीचला हीच माती चालते कारण तिथे सुकून कडक होणं हाच गुण आहे, आणि पीच असतं जेमतेम २२ यार्डांचं, ताडपत्री टाकली की झालं.

बरं, ट्रॅक ओला म्हणजे नुसता घसरडा, एवढाच धोका असेल असं वाटतं ना? घसरणं हा तर या खेळाचा धंदाच आहे! खरा धोका असमान पकडीचा असतो. एका वळणावर आतली बाजू सुकलीय, बाहेर डबकं आहे, मध्ये आधीच्या हीट्सनी चर पाडलेत. मागचं चाक घसरत घसरत अचानक सुक्या पट्ट्यावर किंवा चरात गेलं की एकदम पकड मिळते, गाडी झटक्यात सरळ होते, पुढचं चाक उचललं जातं, आणि सरळ म्हणजे कुठे, तर बाहेरच्या कुंपणाकडे. ब्रेक नाहीत. एअर फेन्स लावतात हवा भरलेली, पण तरी. शिवाय पुढच्या गाडीने उडवलेला चिखल गॉगलवर येतो तो वेगळाच, रायडर त्यावर पातळ फिल्मचे थर लावतात आणि एकेक ओढून फेकतात, पण चार लॅपमध्ये किती फेकणार. एकसारखा ओला ट्रॅक एक वेळ परवडतो, चट्ट्यापट्ट्याचा ओला नको.

आता मुख्य मुद्दा. दुपारी पाऊस पडून गेला, चार वाजता लख्ख ऊन आलं, आणि आयोजकांनी संध्याकाळची मीटिंग रद्द केली. लोक चिडतात, “ऊन पडलंय की भाऊ!” इथे थोडं गणित करूया, सोपं आहे.

ट्रॅक ३०० मीटर लांब, सरासरी १२ मीटर रुंद धरा. म्हणजे ३६०० चौरस मीटर. १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, म्हणजे एका मिलिमीटरला ३६०० लिटर. ५ मिमीची एक बऱ्यापैकी सर आली तर १८,००० लिटर, जवळजवळ दोन मोठे टँकर. थोडं मुरेल, थोडं उतारावरून आतल्या बाजूला वाहून जाईल, उरलेलं वाफ होऊनच जायला हवं. १ लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४.५ लाख ज्यूल लागतात, म्हणजे पूर्ण ट्रॅकवरचा फक्त १ मिमी सुकवायला सुमारे २४५० युनिट वीज लागेल इतकी ऊर्जा. इंदूरच्या मध्यमवर्गीय दहा-एक घरांची महिन्याभराची वीज. आणि ही फुकट देणार कोण, तर सूर्य. भर दुपारच्या कडक उन्हात चौरस मीटरला ८०० वॉट मिळतात, त्यातली सगळी ऊर्जा पाण्यावरच खर्च झाली असं मानलं तरी १ मिमीला पाऊण तासाच्या वर. इंग्लंडमधली एप्रिलची संध्याकाळ, ऊन कललेलं, समजा २०० वॉट, तर त्याच १ मिमीला साडेतीन तासांच्या आसपास. आणि मीटिंग सुरू होणार साडेसातला! हवेत दमटपणा असेल तर अजून हळू, सूर्य मावळला की जवळजवळ ठप्प. वारा असला तर थोडी मदत होते, पण वारा काही कोणाच्या हातात नाही.

म्हणून सकाळी दहाला पडलेल्या १० मिमीपेक्षा संध्याकाळी सहाला पडलेला ३ मिमी जास्त नुकसान करू शकतो. अ‍ॅपवर फक्त पावसाचा ढग बघणाऱ्याला हे कळत नाही, त्याला वाटतं पाऊस थांबला म्हणजे प्रश्न संपला.

ट्रॅकवाले गप्प बसत नाहीत अर्थात. ट्रॅक्टरला ब्लेड लावून वरचा चिखलाचा थर खरवडून काढतात, ओल्या जागी लाकडाचा भुसा टाकतात, मग गाड्या फिरवून थर दाबतात. पण खरवडलेला माल परत घालायचा असतो आणि त्याला वेळ लागतो. पोलंडमध्ये मोठ्या लीगचे क्लब आख्ख्या ट्रॅकवर आच्छादन घालतात, ते काम आहे माणसांचं आणि पैशाचं, छोट्या क्लबला रोज झेपत नाही. आणि आच्छादनासाठीही पाऊस येणार हे आधी कळायला हवं!

तर आधी कळण्याकडे येऊ. अ‍ॅप म्हणतं “पावसाची शक्यता ६०%”. याचा अर्थ दिवसातला ६०% वेळ पाऊस असा नाही, आणि ६०% शहरात पाऊस असंही नाही. असा अंदाज दिलेले शंभर दिवस घेतले तर त्यातल्या साठेक दिवशी त्या जागी पाऊस पडायला हवा, बस इतकंच. आणि पाऊस म्हणजे किती? आपलं हवामान खातं २४ तासांत २.५ मिमी किंवा जास्त पडला तरच त्याला ‘पावसाचा दिवस’ म्हणतं, अ‍ॅपवाले बरेचदा त्याहून कितीतरी कमीलाही पाऊस म्हणतात. आयोजकाला हवी असते वेगळीच शक्यता, ट्रॅक खराब होण्याची, ती अ‍ॅपमध्ये नसते, ती स्वतःच काढावी लागते.

रडारचं काय? रडार भारी गोष्ट आहे पण त्याची एक भानगड आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. भोपाळचं मोठं डॉप्लर रडार घ्या, इंदूरपासून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर म्हणा. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे अर्ध्या अंशाच्या कोनात सोडलेला किरण इंदूरला पोचेपर्यंत जमिनीपासून तीन किलोमीटरच्या वर गेलेला असतो. म्हणजे रडार इंदूरचा पाऊस नाही, इंदूरच्या डोक्यावर तीन किलोमीटरवर काय चाललंय ते बघतं. वरचे थेंब खाली येईपर्यंत कोरड्या हवेत आटू शकतात, किंवा हिवाळी झिमझिम इतक्या खालच्या ढगातून पडते की किरण तिच्या डोक्यावरून निघून जातो.

आणि ढगाचं आयुष्य वेगळं. मे-जूनच्या वळवाच्या पावसाचा एकेक ढग अर्ध्या-एक तासात जन्मतो आणि मरतो, म्हणून इंदुरातच राजवाड्याला धो धो आणि विजयनगरला चप्पलही ओली नाही, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ढगाची आत्ताची चाल बघून तो पुढे कुठे जाईल हे सांगायची पद्धत अशा पावसात तास-दोन तासांपलीकडे फार टिकत नाही. इंग्लंडमध्ये अटलांटिकवरून येणारे लांबलचक पट्टे असतात, ते बरेच शिस्तीचे, साधारण कोणत्या तासाला येतील ते आदल्या दिवशी सांगता येतं. त्यामुळे तिथे सकाळीच रद्द करणं जितकं शहाणपणाचं, तितकं ते आपल्या वळवाच्या दिवसात नाही.

आता पैशाचं. आकडे माझे काल्पनिक आहेत, हिशोब खरा आहे. दुपारी १२ ला रद्द केलं तर १ लाखाचं नुकसान, मीटिंग झाली तर ३ लाखाचा फायदा, आणि लोक येऊन बसल्यावर रद्द झाली तर ४ लाखाचं नुकसान (तिकिटं परत, अँब्युलन्स, स्टाफ, रायडरांचा प्रवास, तेही बरेचदा एका देशातून दुसऱ्या देशात विमानाने येतात). पुन्हा घेतलेल्या मीटिंगची कमाई सध्या सोडून द्या. वाट बघणं आणि रद्द करणं कुठे सारखं पडतं? मीटिंग बुडण्याची शक्यता ७ पैकी ४ असते तिथे, म्हणजे ५७%. दुपारी शक्यता त्याच्या वर असेल तर रद्द करा. पण संध्याकाळी सहा वाजले की बहुतेक खर्च होऊनच गेलेला असतो, तेव्हा रद्द केलं तरी समजा ३ लाख गेलेच, मग तोच हिशोब ८६% वर जातो. म्हणजे दुपारी ६०% ला रद्द करणारा घाबरट नाही आणि संध्याकाळी ८०% असताना “थांबा, बघू” म्हणणारा हट्टी नाही, दोघं एकच गणित करतायत, फक्त घड्याळ वेगळं आहे. हवामानाच्या अंदाजाला खर्च-नुकसानीच्या तराजूत घालायची ही कल्पना गेल्या शतकापासून वापरात आहे आणि धरणवाल्यांपासून विमानतळांपर्यंत सगळे वापरतात.

यातून एक कटू गोष्ट निघते, ६०% ला रद्द केलं तर शंभरातल्या चाळीस वेळा संध्याकाळ मस्त कोरडी जाणार, आणि त्या चाळीसही वेळा आयोजकाला शिव्या पडणार. एका दिवसावरून त्याला चूक ठरवणं मला तरी पटत नाही. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ञाने १९५० मध्ये शक्यतेच्या अंदाजांना मार्क द्यायची रीत काढली, ती पण पुष्कळ दिवसांचे अंदाज एकत्र घेऊनच चालते. एखाद्या क्लबने पाच वर्षांची वही ठेवली, किती वाजता काय माहीत होतं, काय ठरवलं, काय झालं, तर बोलता येईल. नाहीतर सगळं कट्ट्यावरचं.

एका बाबतीत मात्र गणित नको, सरळ नियम हवा, वीज. चमकल्यापासून गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे (आवाज ३ सेकंदात साधारण १ किलोमीटर जातो), तेव्हा मैदान रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत यायचं नाही. इथे तिकिटाचे पैसे मध्ये आणायचेच नाहीत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं, कबड्डीची ओपन स्पर्धा असो की गणपतीतला मैदानावरचा कार्यक्रम, आयोजकांपैकी एकाच्या मोबाइलवर ते असायलाच हवं.

आणि छत असलेलं स्टेडियम हा उपाय का नाही? आहे की, ब्रिटिश ग्रांप्री (स्पीडवेच्या जागतिक स्पर्धेची तिथली फेरी) २००१ पासून बरीच वर्षं कार्डिफच्या बंद होणाऱ्या छताखाली झाली. पण अशा स्टेडियममध्ये एरवी गवत असतं, ट्रॅक प्रत्येक वेळी बाहेरून माती आणून काही दिवसांत उभा करावा लागतो, आणि त्या मातीला दाबून बसायला वेळ नसतो. ऑक्टोबर २००८ मध्ये जर्मनीत गेल्सेनकिर्शेनच्या फेल्टिन्स अरेनात ग्रांप्री होती. त्या स्टेडियमला छत आहे. ट्रॅक सुरक्षित नाही म्हणून रद्द झाली आणि आठवड्याने पोलंडमधल्या बिडगोश्चला, उघड्या आभाळाखाली, घेतली गेली.