मॅनेजर आणि हेड कोच: पेरणारा कोण, बी आणणारा कोण

तालुकास्तरीय शालेय स्पर्धेच्या अर्जात खाली दोन रकाने असतात. एक ‘संघ व्यवस्थापक’, दुसरा ‘मार्गदर्शक’. बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत क्रीडाशिक्षक एकच, त्यामुळं दोन्हीकडं नाव माझंच आणि सहीही माझीच. व्यवस्थापक म्हणून मी जीपचं भाडं ठरवतो, पोरांचे जन्मतारखेचे दाखले फायलीला लावतो, दुपारच्या पोह्याचं सांगून ठेवतो. मार्गदर्शक म्हणून फुटबॉलच्या मैदानाच्या रेषेबाहेर उभं राहून लेफ्ट-बॅकवर, म्हणजे डाव्या कडेच्या बचावपटूवर, ओरडतो.

आपल्या डोक्यात ‘मॅनेजर’ बसलाय तो असा. क्रिकेटनं तो आणखी पक्का केला. भारतीय संघासोबत दौऱ्यावर जाणारा मॅनेजर म्हणजे हॉटेल, प्रवास, कागदपत्रं बघणारा माणूस. डावपेच कोच आणि कर्णधाराचे, खेळाडूंची निवड निवड समितीची. तीन कामं, तीन वेगळी माणसं. त्यामुळं फुटबॉलच्या बातमीत ‘मॅनेजर’ आणि ‘हेड कोच’ हे शब्द आलटूनपालटून आले की आपण ते एकाच माणसाचे दोन हुद्दे समजतो, किंवा एकाला ऑफिसात बसवतो आणि दुसऱ्याला मैदानावर. दोन्ही चूक. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये हे दोघंही मैदानावरचेच. दोघंही अकरा जण निवडतात, सराव घेतात, हरल्यावर पत्रकारांपुढं बसतात. नव्वद मिनिटं टीव्हीवर बघून त्यांच्यातला फरक कळायचा नाही. फरक आहे तो खेळाडू विकत घेताना.

माझा पुतण्या संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचा भक्त, म्हणजे गेली काही वर्षं दुःखातच. २०२४ च्या डिसेंबरात, रुबेन अमोरिम नवा कोच असताना, एका हरलेल्या सामन्यानंतर रात्री त्याचा फोन आला. “काका, ह्या अमोरिमनं असले प्लेअर कामून घेतले? ह्याला विंग-बॅक पाह्यजे, अन् टीममध्ये एक बी विंग-बॅक नाही!” मी म्हटलं, अरे बाबा, त्यानं घेतलेच नाहीत. तो आला नोव्हेंबरात, खरेदी झाली होती उन्हाळ्यात. आणि त्याच्या करारावर हुद्दाच ‘हेड कोच’ आहे. त्याच्या आधीचा टेन हाग ‘मॅनेजर’ होता. पुतण्या म्हणाला, “एकच की ते.” तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

आपल्या भागात सांगायचं तर सालगडी आणि बटईदार यांच्यात जो फरक, तोच इथं. बटईदाराकडं शेत सोपवलं की कापूस लावायचा की सोयाबीन, हे बरंचसं तोच ठरवतो. वाण कोणता, हे दुकानात उभं राहून तोच बघतो. सालगडी पाडव्याला ठरतो, पुढच्या पाडव्यापर्यंत राबतो, पण बियाणं मालक आणतो. गडी हुशार असेल तर म्हणतो, “मालक, औंदा त्या रानात कापूस नका घेऊ, पाणी साचतंय.” मालक ऐकतो किंवा नाही ऐकत. पिशवी घरात आली की मात्र गड्यानं पेरायचं ते त्यातूनच. (उदाहरण एका ठिकाणी लंगडतं: बटईत पीक बुडालं तर बटईदाराचा खिसाही फाटतो. फुटबॉलच्या मॅनेजरला हाकलताना उलट नुकसानभरपाई द्यावी लागते. असा करार आमच्याकडं कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.)

जुना, अस्सल मॅनेजर बघायचा तर ॲलेक्स फर्ग्युसन. १९८६ ते २०१३ युनायटेडमध्ये. नोव्हेंबर १९९२ चा किस्सा प्रसिद्ध आहे. युनायटेडकडून गोल होत नव्हते. लीड्स क्लबकडून फोन आला, तुमचा बचावपटू डेनिस अर्विन देता का म्हणून. फोनवर युनायटेडचे चेअरमन मार्टिन एडवर्ड्स, समोरच्या खुर्चीत फर्ग्युसन. अर्विनला नकार गेला आणि त्याच फोनवर फर्ग्युसननं उलट त्यांच्या फॉरवर्डची, एरिक कँटोनाची, विचारणा करायला लावली. लीड्स तेव्हा गतविजेते होते, कँटोना त्यांच्याच विजेत्या संघातला. बारा लाख पाउंडांत सौदा झाला आणि त्याच हंगामात युनायटेडनं २६ वर्षांनी लीग जिंकली. पैसे क्लबचे, फोन चेअरमनचा, पण कोणता माणूस हवा आणि तो आपल्या खेळात कुठं बसणार, हे एकाच डोक्यात होतं.

आर्सेन वेंगरचं तर त्याहून पुढचं. आर्सेनलमध्ये तो अधिकृतपणे रुजू झाला १ ऑक्टोबर १९९६ ला. तोवर जपानमध्ये नागोया ग्रँपस एटचं काम करत होता. पण त्याच्या सांगण्यावरून मिलानकडून पॅट्रिक व्हिएरा ऑगस्टमध्येच लंडनला पोचला होता. बटईदार रानात पाय ठेवायच्या आधी त्याचं बियाणं घरात!

म्हणजे मॅनेजरचं नियोजन खेळाच्या पद्धतीपासून सुरू होतं आणि खेळाडूपर्यंत येतं. मला असं खेळायचंय, त्यासाठी असा मिडफिल्डर लागतो, तो आणा. त्याला दोन-तीन ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरावीक मुदती, मिळतात असं गृहीत धरलेलं असतं. युरोपात विंडो वर्षातून दोनच, उन्हाळ्यातली मोठी आणि जानेवारीतली छोटी. त्यामुळं दोन-तीन विंडो म्हणजे वर्ष-दीड वर्ष झालं.

हेड कोचला हा क्रम उलटा फिरवावा लागतो. हाताशी ही माणसं आहेत, त्यांच्यातून कोणता खेळ निघतो? याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला आर्ने स्लॉटचं वाटतं. २०२४ मध्ये क्लॉप गेला आणि लिव्हरपूलनं स्लॉटला आणलं. क्लॉपचा हुद्दा मॅनेजर होता, स्लॉटचा हेड कोच. खरेदी-विक्री बघायला स्पोर्टिंग डायरेक्टर रिचर्ड ह्यूज. त्या उन्हाळ्यात बचावापुढं उभा राहून चेंडू वाटणारा मिडफिल्डर हवा होता. रियाल सोसिएदादच्या झुबिमेंडीशी बोलणी झाली, तो म्हणाला मी इथंच राहतो. मुख्य संघात त्या विंडोत नवा खेळाडू आला तो एकटा कियेझा, आणि तो फॉरवर्ड. मॅनेजरच्या जुन्या थाटातला माणूस असता तर पत्रकारांपुढं आदळआपट झाली असती. स्लॉटनं रायन ग्रावेनबेर्ख उचलला. वर्षभरापूर्वी बायर्न म्युनिककडून आलेला, बहुतेक वेळा पुढं खेळणारा पोरगा. अंगावर माणूस असताना चेंडू घेऊन गर्रकन वळायची त्याची लकब. तीच लकब पुढं वापरायच्या ऐवजी बचावापुढं वापरली तर विरोधकांचं प्रेसिंग, म्हणजे चेंडू हिसकावायला अंगावर धावून येणं, पहिल्याच पायरीवर फुटतं, एवढा साधा हिशेब. २७ एप्रिल २०२५ ला स्पर्सला, म्हणजे टॉटनहॅमला, ५-१ हरवून लिव्हरपूलनं लीग नक्की केली.

आता अमोरिम. तो पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये ३-४-३ (मागं तीन, मधे चार, पुढं तीन) खेळवून नावारूपाला आला आणि युनायटेडमध्येही पहिल्या दिवसापासून ३-४-३ च. या रचनेत दोन्ही कडांना विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारे, नसतात, विंग-बॅक असतात. एकच माणूस आख्खी बाजू सांभाळतो. चेंडू आपल्याकडं असला की विंगर, गेला की बचावपटू. फुप्फुसं घोड्याची लागतात. युनायटेडकडं होते रॅशफोर्ड, गार्नाचो, अँटनी: तिघंही पुढं पळायला उत्सुक आणि मागं यायला नाखूष. जानेवारीच्या विंडोत इटलीच्या लेचेकडून डोर्गू आला तेव्हा कुठं डाव्या कडेला स्वाभाविक माणूस मिळाला. हंगामाअखेर लीगमध्ये १५ वा क्रमांक, ४२ गुण, आणि बिल्बावला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात स्पर्सकडून ०-१. माझं मत विचाराल तर माणूस वाईट नव्हता. हुद्दा हेड कोचचा होता आणि नियोजन तो मॅनेजरसारखं करत होता. सालगड्यानं ठरवावं की मी ऊसच लावणार, आणि घरात पिशव्या ज्वारीच्या.

पुतण्याला हे पटलं, पण त्याचा पुढचा प्रश्न बरोबर होता. मग सगळ्यांनाच मॅनेजर करा ना, खरेदी त्यांच्याच हातात द्या.

दिली होती की. टेन हाग २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या आयाक्स क्लबातून आला. त्याच उन्हाळ्यात आयाक्सकडूनच अँटनी आला, साडेनऊ कोटी युरोला. नव्या मॅनेजरची ही नेहमीची खोड: ओळखीच्या माणसावर विश्वास. आपल्या सिस्टिममध्ये तो चालतो हे डोळ्यांनी बघितलेलं असतं, पण डच लीगमध्ये जी जागा मिळते ती इंग्लंडमध्ये मिळत नाही. मॅनेजर गेला २०२४ च्या ऑक्टोबरात. अँटनीचा पगार मागं राहिला.

क्लबांनी बटई बंद करून सालगडी ठेवायला सुरुवात केली ती यासाठीच. खेळाडूचा करार पाच वर्षांचा, कधी त्याहून लांब, आणि कोचचं आयुष्य दोन-चार हंगामांचं. चेल्सीचं बघा. ३१ जानेवारी २०२३ ला एन्झो फर्नांडेझ घेतला, साडेदहा कोटी पाउंडांच्या वर, करार थेट २०३१ पर्यंत. त्या दिवशी कोच होता ग्रॅहम पॉटर. २ एप्रिलला पॉटर गेला. एन्झो निव्वळ पॉटरच्या पद्धतीसाठी म्हणून घेतला असता, तर दोन महिन्यांतच सगळा बेत फसला असता. शिवाय जागाही मर्यादित. प्रीमियर लीगमध्ये २१ वर्षांवरचे जास्तीत जास्त २५ खेळाडू नोंदवता येतात, त्यात इंग्लंड-वेल्समध्ये न घडलेले फार तर १७. म्हणजे ‘कोण हवा’ या यादीशेजारी ‘कोण जाणार’ ही दुसरी यादी लागतेच. ही दुसरी यादी कोचच्या हातात द्यावी का, हा खरोखर अवघड सवाल आहे. ज्या पोराला विकायचंय त्याच्याशीच त्याला रोज सकाळी सराव घ्यायचा असतो.

आणि कधीकधी मालकाचं बियाणंच सरस निघतं. २०१७ मध्ये क्लॉपच्या मनात लेव्हरकुझेनचा युलियान ब्रांट होता. लिव्हरपूलचा तेव्हाचा स्पोर्टिंग डायरेक्टर मायकल एडवर्ड्स आणि त्याची माणसं मात्र सालाहचा धोशा लावून बसली. शेवटी क्लॉपनं मान्य केलं. सालाहनं पहिल्याच हंगामात सगळ्या स्पर्धा मिळून ४४ गोल केले. गंमत म्हणजे हुद्दा मॅनेजरचा असून क्लॉपनं इथं हेड कोचसारखं ऐकून घेतलं. कागदावरचा शब्द आणि प्रत्यक्ष कारभार यांत अंतर असतं ते असं. चेअरमन, डायरेक्टर, कोच यांच्यात नकाराधिकार कुणाचा, हे क्लबागणिक बदलतं. इटली-स्पेनमध्ये तर हा वाद फारसा होतच नाही, तिथं कोच आणि स्पोर्टिंग डायरेक्टर पूर्वीपासूनच वेगळे. स्पेनमधल्या सेव्हियाचा स्पोर्टिंग डायरेक्टर मोंची, त्याचं नाव कोचइतकंच गाजलं, ते खेळाडू हुडकण्यासाठी.

हुद्दा चालू करारातही बदलू शकतो. मिकेल आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेनलला आला तो हेड कोच म्हणून. ऑगस्ट २०२० मध्ये एफए कप जिंकला आणि सप्टेंबरात क्लबनं त्याला मॅनेजर केलं. दारावरची पाटी बदलली एवढंच नाही, संघबांधणीत त्याचा शब्द वाढला. म्हणून नवा माणूस आला की त्याची आवडती रचना ४-३-३ आहे की ३-४-३, याआधी मी बातमीत दोन गोष्टी शोधतो. त्याचा हुद्दा काय, आणि शेजारी स्पोर्टिंग डायरेक्टरचं नाव आहे का. त्यावरून पहिल्या उन्हाळ्यात संघ बदलणार की खेळाडूंच्या जागा बदलणार, याचा बराच अंदाज येतो.

माझ्या अर्जावर दोन्ही रकान्यांत सही असली तरी मी पक्का हेड कोच. गेल्या साली माझ्याकडं डाव्या पायाचा एकच पोरगा होता. तालुक्याला त्याला लेफ्ट-बॅक ठेवून ४-३-३ खेळलो. पोरगं कडेनं वर जायचं आणि डाव्या पायानं असा क्रॉस टाकायचं की गोलकीपरला पुढं येऊ का मागं राहू कळायचं नाही. तालुका जिंकलो. जिल्ह्याचे सामने दसऱ्यानंतर होते. दसरा झाला आणि त्याचे आईबाप टोळीबरोबर ऊसतोडीला निघाले. धाकट्या बहिणीला सांभाळायला म्हणून पोरगंही ट्रॅक्टरवर बसलं. त्याचे बूट शाळेचे होते, जायच्या आदल्या दिवशी धुऊन आणून दिले.

मग मी मागं तीनच ठेवले. डाव्या कडेला उजव्या पायाचा, पण दमदार पोरगा उभा केला आणि सांगितलं, क्रॉस टाकायच्या भानगडीत पडू नको, आत वळ आणि पास दे. पहिला सामना निघाला, दुसऱ्यात गेलो. डावखुरा चैत्रात परत आला आणि आल्या आल्या बूट मागायला लागला. तोवर स्पर्धा कधीच संपल्या होत्या, पण बूट मी त्याच्याच नावानं कपाटात ठेवले होते.