विशेष वर्गातील अध्ययन निष्पत्ती : ‘सवलत’ आणि ‘अनुकूलन’ या शब्दांची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०१७मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली आणि आठवीपर्यंतच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या त्या इयत्तेअखेर मुलाला काय यायला हवे याच्या अपेक्षा, इयत्तावार व विषयवार ठरवून देण्यात आल्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय दस्तऐवजाने विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी निष्पत्तींची वेगळी यादी केली नाही. जादा वेळ, पर्यायी उपक्रम, सुलभ पाठ्यसाहित्य, वर्गातील गोंगाट व प्रकाशाची तिरीप यांचे नियोजन आणि टेलर फ्रेम (अंध मुलांसाठी स्पर्शाने गणित करण्याची पाटी), अबॅकस (मणी सरकवून मोजण्याची चौकट) यांसारखी साधने अशी मदत त्यात सुचवली होती. तीव्र बौद्धिक अक्षमतेबाबत निष्पत्ती लवचिक ठेवण्यास वाव होता. विशेष वर्गात आज जो गोंधळ दिसतो तो या लवचिकतेच्या अर्थावरून होतो, आणि त्याचे मूळ २०१७च्या बरेच मागे आहे.

मुंबईत कर्णबधिर व अंध मुलांच्या शाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९००पर्यंत उभ्या राहिल्या होत्या, परंतु सर्वसाधारण इयत्तेच्या अपेक्षांशी त्यांची सांगड घालण्याचा प्रश्न १९७४च्या एकात्म शिक्षणाच्या, म्हणजे अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकवण्याच्या, केंद्रीय योजनेनंतरच खऱ्या अर्थाने पुढे आला. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे शिक्षण मात्र वेगळ्याच वाटेने वाढले. मद्रासमध्ये तयार झालेली, १८ क्षेत्रांत प्रत्येकी २० अशा ३६० वर्तनबाबींची पडताळा सूची किंवा त्या धर्तीची साधने घेऊन शिक्षक मुलाची आजची पातळी नोंदवत आणि त्यावरून वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करत. त्या आराखड्यात जेवण, कपडे घालणे, पैसे ओळखणे ही उद्दिष्टे असत, इयत्ता नसे. नव्वदच्या दशकात सर्वसाधारण शाळांत किमान अध्ययन क्षमतांचा, म्हणजे प्रत्येक इयत्तेत मुलाला निदान काय यावे याच्या याद्यांचा, बोलबाला झाला, तरी या दोन वाटा एकमेकींना भेटल्या नाहीत.

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातील एका तरतुदीकडे येथे मुद्दाम लक्ष द्यायला हवे. अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी परीक्षा पद्धतीत बदल करून निव्वळ गणिती स्वरूपाचे प्रश्न वगळावेत आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांना एकच भाषा घेता यावी अशी अभ्यासक्रमाची फेररचना करावी, असे त्या कायद्यात म्हटले होते. हेतू चांगलाच होता. तरीही अंध मुलाला गणित जमणार नाही हे गृहीतक त्यामुळे कायद्याच्या भाषेत शिरले, आणि ते चुकीचे होते, असे मला ठामपणे वाटते. टेलर फ्रेमवरील अष्टकोनी छिद्रांत बसणाऱ्या खुंटीच्या एका टोकाला उभट कड असते आणि दुसऱ्या टोकाला दोन टोचणारे बिंदू. प्रत्येक टोक आठ दिशांना बसवता येते, म्हणजे बोटांना ओळखता येतील अशी सोळा चिन्हे तयार होतात आणि तेवढ्यात सगळे अंक व क्रियांची चिन्हे मावतात. हातचा घेऊन तीन अंकी बेरीज करणारे अंध मूल तिसरीची निष्पत्ती जशीच्या तशी गाठत असते. बदललेले असते फक्त साधन.

याच काळात, १९९६मध्ये, महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील विशिष्ट अडचण) असलेल्या विद्यार्थ्यांसाठी सवलती औपचारिक केल्या. जादा वेळ आणि शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष या त्यांतील दोन सवलती होत्या. द्वितीय भाषेऐवजी कार्यानुभव, आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित व कार्यानुभव, याही त्याच यादीत होत्या. या निर्णयामुळे असंख्य मुलांची दहावी सुकर झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु ‘सवलत’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी आल्या. जादा वेळ दिल्याने अपेक्षा बदलत नाही, ती गाठण्याचा मार्ग बदलतो. खालच्या इयत्तेचे गणित घेतल्यावर अपेक्षाच बदलते. प्रशिक्षणात पहिल्याला ‘अकोमोडेशन’ आणि दुसऱ्याला ‘मॉडिफिकेशन’ म्हणतात. मराठी कागदपत्रांत मात्र सवलत, समायोजन, अनुकूलन, फेरबदल हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाच्या मान्य प्रकारांची संख्या सातवरून २१वर नेली आणि गणिताचे प्रश्न वगळण्याचा उल्लेख गाळला, ही समाधानाची बाब आहे. तथापि अभ्यासक्रम व परीक्षा पद्धतीतील योग्य फेरबदलांची उदाहरणे देताना त्यानेही जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांना एकाच ओळीत बसवले. वर्षभराच्या आतच अध्ययन निष्पत्ती आल्या, तेव्हा शिक्षकांच्या हाती हीच सरमिसळ होती.

वर्गात त्याचा परिणाम कसा होतो, हे तिसरीच्या गणितातील एका निष्पत्तीवरून कळते : बेरीज ९९९च्या पुढे न जाणाऱ्या तीन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी वापरून व्यवहारातील साधी उदाहरणे सोडवणे. अल्पदृष्टी मुलीला मोठ्या अक्षरांत छापलेले उदाहरण दिले, किंवा लिहिता न येणाऱ्या मुलाचे उत्तर तोंडी घेतले, तर निष्पत्ती तीच राहते. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा दहाच्या दोन नोटा देऊन बारा रुपयांची वही घेतो आणि उरलेले आठ रुपये मोजून घेतो, तेव्हा तो त्याच निष्पत्तीच्या दिशेने एक पायरी चढलेला असतो, पण ती निष्पत्ती त्याने गाठलेली नसते. ती अल्पदृष्टी मुलगी आणि हा मुलगा या दोघांच्याही नोंदीत ‘अनुकूलन केले’ एवढेच लिहिले, तर पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला कोणाला केवळ साधन पुरवायचे आणि कोणासाठी पायरी नव्याने आखायची, हे कळायला मार्ग उरत नाही. पालकांचाही गैरसमज होतो : एकीच्या आईला मुलीला सोपे शिकवले जात असल्याचे वाटते, तर दुसऱ्याच्या वडिलांना मुलगा इयत्तेच्या बरोबरीने चालल्याचे वाटते.

२०१९च्या केंद्रीय दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, आणि २०२१पासून पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी तिसरीअखेरचे लक्ष्य २०२६–२७ या वर्षाशी बांधले गेले. इयत्तेचे मोजमाप असे कडक होत असताना, बदललेली निष्पत्ती मूळ निष्पत्तीच्या शेजारी स्वतंत्रपणे नोंदवावी, ही विशेष शिक्षकांची मागणी कागदी सोपस्कार वाढवणारी नाही. आठ रुपये मोजून घेणाऱ्या त्या मुलाची तीही प्रगतीच आहे, आणि ती तिच्या खऱ्या नावानेच लिहिली जायला हवी.