दिशाभूल करणारी छायाचित्रे आणि सांस्कृतिक साचेबंदी

एखाद्या छायाचित्राचा काळ, ठिकाण किंवा प्रसंग बदलून सांगायचा, त्यावरून एका अख्ख्या समाजाविषयी, धर्माविषयी किंवा प्रदेशाविषयी मत बनवायचे आणि ते समाजमाध्यमांतून पुढे पाठवत राहायचे, या प्रकाराला दिशाभूल करणाऱ्या छायाचित्रांतून होणारी सांस्कृतिक साचेबंदी म्हणता येईल. यात फोटोशी छेडछाड झालेली असतेच असे नाही. बहुतेक वेळा फोटो अस्सल असतो आणि खोटी असते ती त्याखालची ओळ. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो, पण ते शीत त्याच पातेल्यातले असते. या प्रकारात शीत एका देशातले असते आणि पारख होते दुसऱ्याच देशातल्या माणसांची. ज्यांना परिणाम भोगावे लागतात ती माणसे बहुधा त्या फोटोत नसतात. म्हणूनच हा विषय केवळ खोट्या बातमीपुरता मर्यादित राहत नाही.

संज्ञा

इंग्रजीतून आलेला ‘स्टिरिओटाइप’ हा मुळात छापखान्यातला शब्द. सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, जुळवून पान तयार करायचे, त्याचा साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतून अखंड पत्रा बनवायचा, ही पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फिर्मँ दिदो याने रूढ केली. सुट्या खिळ्यांच्या पानात एखादे अक्षर चुकले तर ते काढून दुसरे बसवता येते. ओतलेल्या पत्र्यात तशी सोय नसते, तो हजार वेळा तेच छापतो. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन याने 1922 साली हा शब्द माणसांच्या पूर्वग्रहांसाठी वापरला आणि त्यांना डोक्यातली चित्रे म्हटले. मराठीत ‘साचेबंद प्रतिमा’ आणि ‘ठोकळेबाज प्रतिमा’ असे दोन्ही शब्द चालतात. त्यांपैकी साच्याचा शब्द मूळ अर्थाला जास्त जवळचा आहे.

पूर्वपीठिका

हा प्रकार मोबाइलबरोबर जन्मला असे समजणे चूक ठरेल. भारतातले त्याचे एक फार जुने उदाहरण मुंबईतले आहे. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 साली प्रसिद्ध केले. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसे वेगळी टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागची मुंबईची दृश्ये नंतर जोडलेली आहेत. त्या काळच्या तांत्रिक मर्यादेत हे समजण्यासारखे आहे. पण पाहणाऱ्याला हा जोड दिसत नाही. त्याला दिसतो तो एका ‘जातीचा नमुना’, ठरलेल्या पोशाखात, ठरलेल्या जागी उभा केलेला. पुढे 1868 ते 1875 या काळात ब्रिटिश सरकारच्या आश्रयाने भारतीय लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड निघाले. त्यांतल्या मजकुरात एकेका जमातीला आळशी, लढवय्यी, विश्वासघातकी अशी विशेषणे लावलेली आहेत. माणसाचे नाव नाही, पण जमातीचा स्वभाव मात्र एका ओळीत सांगून मोकळे.

अमेरिकेत एडवर्ड कर्टिस याने मूळनिवासी जमातींची हजारो छायाचित्रे टिपली. 1910 मधल्या त्याच्या एका छायाचित्रात पिगन जमातीचे दोन पुरुष तंबूत बसलेले आहेत. मूळ काचेच्या निगेटिव्हवर त्या दोघांच्या मधोमध एक घड्याळ स्पष्ट दिसते. छापील चित्रात ते नाही, खरवडून काढून टाकलेले आहे. ‘लोप पावणाऱ्या’ जमातीच्या घरात वेळ दाखवणारे यंत्र असणे कर्टिसच्या कल्पनेत बसत नव्हते. साचेबंदी कशी घडते हे दाखवायला याहून लहान आणि याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने एप्रिल 2018 च्या अंकात आपल्या जुन्या अंकांची इतिहासकाराकडून तपासणी करून घेतली आणि अनेक दशकांचे आपले चित्रण वंशभेदी होते, अशी कबुली संपादकीयात दिली. अशा कबुल्या क्वचितच दिल्या जातात.

2012 : युशू ते पुणे

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेले आणि या विषयातले सर्वांत बोलके प्रकरण ऑगस्ट 2012 मधले आहे.

14 एप्रिल 2010 रोजी चीनच्या छिंगहाय प्रांतातील युशू या तिबेटी वस्तीच्या भागात मोठा भूकंप झाला. त्यात सुमारे 2,700 माणसे दगावली. आजूबाजूच्या मठांतले भिक्षू मदतीला धावले. त्यांनी ढिगारे उपसले, प्रेते बाहेर काढली. मृतदेह उघड्यावर गिधाडांना अर्पण करण्याची तिकडची पूर्वापार रीत आहे, पण मृतांची संख्या इतकी मोठी होती की सामूहिक दहनाखेरीज इलाज उरला नाही. त्या वेळच्या एका छायाचित्रात किरमिजी वस्त्रांतले भिक्षू प्रेतांच्या रांगांमध्ये उभे आहेत. मेलेल्यांची शेवटची सेवा करणाऱ्या माणसांचे ते चित्र आहे.

जून 2012 मध्ये म्यानमारच्या राखाइन प्रांतात रोहिंग्या मुस्लिमांवर हिंसाचार झाला. जुलैमध्ये आसामच्या कोक्राझार भागात बोडो आणि बंगालीभाषक मुस्लिम यांच्यात दंगल उसळली आणि लाखो लोक छावण्यांत गेले. दोन्ही घटना खऱ्या होत्या, दुःखही खरे होते. त्याच सुमारास युशूचा तो फोटो ‘बर्मातल्या बौद्धांनी केलेली मुसलमानांची कत्तल’ अशा ओळीसह इंटरनेटवर आणि मोबाइलवर फिरू लागला. प्रेते आणि त्यांच्याभोवती भिक्षू. एवढे दिसल्यावर ओळ वाचणाऱ्याला शंका येण्याचे कारण उरत नाही.

11 ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावर आसाम आणि म्यानमारमधल्या हिंसाचाराच्या निषेधाची सभा झाली. तिला हिंसक वळण लागून दोघांचा मृत्यू झाला आणि पोलिसांसह पन्नासहून अधिक लोक जखमी झाले. त्याच आठवड्यात पुण्यात ईशान्य भारतातल्या तरुणांना रस्त्यात गाठून मारहाण झाली. मग बदला घेतला जाणार, अमुक तारखेच्या आत शहर सोडा, अशा अफवा पसरल्या. बेंगळुरू आणि पुण्यातून हजारो विद्यार्थी, सुरक्षारक्षक, हॉटेलांत आणि ब्यूटी पार्लरमध्ये काम करणारी मुले-मुली मिळेल त्या गाडीने निघाली. बेंगळुरूहून गुवाहाटीला खास गाड्या सोडाव्या लागल्या.

ही साखळी नीट पाहण्याजोगी आहे. फोटोतला भिक्षू तिबेटी. आरोप म्यानमारच्या बौद्धांवर. मार मिळाला मणिपूर-नागालँडच्या मुलांना, ज्यांत वैष्णव मैतेई होते, ख्रिस्ती नागा होते. या तिघांना जोडणारा दुवा एकच, पाहणाऱ्याच्या मनात पक्का बसलेला चेहऱ्याचा साचा. ‘चिंकी’ या शिवीत तो साचा आधीपासूनच तयार होता. फोटोने त्यात फक्त राग ओतला.

केंद्र सरकारने एकगठ्ठा एसएमएसवर बंदी घातली आणि काही दिवस एका क्रमांकावरून दिवसाला पाचच संदेश पाठवता येतील अशी मर्यादा आणली. तीनशेच्या आसपास वेबपाने आणि खाती रोखण्यात आली. त्यांत अफवा खोट्या आहेत हे दाखवणारी काही पानेही होती. हा निर्णय घाईत झाला होता आणि त्याची किंमत नेमकी खरे सांगणाऱ्यांनी मोजली.

इतर उदाहरणे

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या चित्रफितींत एक कराचीची होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात, असे तिच्यात दिसे. मुळात ती पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती आणि शेवटी मुलाला परत आणून सोडत फलक दाखवला जात असे. तो शेवट कापलेला होता. दुसऱ्या एका दृश्यात चादरींखाली ओळीने ठेवलेली मुलांची प्रेते होती. ती 2013 साली सीरियातल्या घूता इथे विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली मुले. झोळी घेऊन दारोदार हिंडणाऱ्या अनोळखी माणसाबद्दलचा संशय मात्र कराचीचा नव्हता, सीरियाचाही नव्हता. तो इथलाच, इंग्रजांनी 1871 साली काही जमातींना कायद्यानेच गुन्हेगार ठरवले त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आणि तो कायदा 1952 साली रद्द झाल्यानंतरही उरलेला.

22 मार्च 2017 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर हल्ला झाला. त्या वेळी हिजाब घातलेली एक तरुणी मोबाइलकडे पाहत जखमींच्या बाजूने जाताना एका छायाचित्रात टिपली गेली. ‘हिला काहीच वाटत नाही, आणि हिच्या धर्मालाही’ अशा अर्थाच्या ओळीसह तो फोटो जगभर गेला. प्रत्यक्षात ती हादरलेली होती, मदतीची विचारपूस करून झाली होती आणि आपण सुखरूप आहोत हे घरी कळवत होती. ज्या खात्यावरून तो मजकूर जोमाने पसरला, ते रशियातून चालवले जात असल्याचे त्याच वर्षाच्या अखेरीस उघड झाले.

त्याच वर्षी नॉर्वेत बसमधल्या रिकाम्या आसनांचा फोटो स्थलांतरितविरोधी फेसबुक गटात टाकला गेला. अनेकांना त्या काळ्या आसनांत बुरख्यातल्या बायका दिसल्या आणि भीतीच्या प्रतिक्रियांचा पाऊस पडला. इथे माणूसच नव्हता, तरी साचा भरला गेला.

2020 च्या जानेवारीत एक चिनी तरुणी वटवाघळाचे सूप खातानाची चित्रफीत ‘वुहानचा बाजार’ म्हणून पसरली. ती 2016 साली पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशात प्रवासाच्या कार्यक्रमासाठी टिपलेली होती. त्या वर्षी मार्चमध्ये भारतातल्या शहरांत ईशान्येकडच्या लोकांना ‘कोरोना’ म्हणून हिणवले गेले, भाड्याच्या घरांतून काढले गेले, आणि केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना पत्र लिहावे लागले. 2012 नंतर आठ वर्षांनी चेहऱ्याचा तोच साचा पुन्हा कामी आला.

सौम्य रूपे

सगळीच उदाहरणे दंगलीपर्यंत जात नाहीत. आदिवासी म्हटले की नाचाच्या वेषातला तारपा वाजवणारा, शेतकरी म्हटले की भेगाळलेल्या जमिनीवर कपाळाला हात लावून बसलेला, गोवा म्हटले की किनारा आणि ग्लास. फोटो खोटे नसतात, पण एवढेच फोटो दिसत राहिले की डहाणूच्या आदिवासी शिक्षिकेला किंवा डिचोलीच्या शेतकऱ्याला चित्रात जागा उरत नाही. काबूलमध्ये एके काळी स्कर्ट घालून फिरणाऱ्या मुलींचे फोटो ‘पूर्वीचा अफगाणिस्तान’ म्हणून वाटले जातात, तेही याच जातीतले. ते राजधानीतल्या एका छोट्या वर्गाचे चित्र आहे, डोंगराळ खेड्यांतल्या बायकांचे नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेने यात भर घातली आहे. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या वृत्तसंस्थळाने 2023 साली ‘भारतीय माणूस’ एवढेच सांगून चित्रे बनवून घेतली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक चित्रात दाढीवाला, बहुधा पगडी घातलेला म्हातारा पुरुष आला.

पडताळणी आणि तिच्या मर्यादा

फोटोवरून त्याचे मूळ शोधण्याची सोय 2008 मध्ये टिनआय या संकेतस्थळाने आणि 2011 मध्ये गूगलने दिली. दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेट, पोलिसांचे गणवेश, सावल्या, झाडे यांवरूनही पुष्कळ कळते. चित्रफितीत तर भाषाच ऐकू येते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत तारीख-ठिकाणाची मूळ माहिती उरत नाही, त्यामुळे हा शोध पाहणाऱ्यालाच करावा लागतो. व्हॉट्सॲपने जुलै 2018 मध्ये भारतात एका वेळी पाच जणांनाच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल 2020 पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकालाच पाठवता येतो.

परंतु फोटो कधीचा आहे हे कळले तरी त्यात काय चालले आहे हे कळतेच असे नाही. 2020 च्या टाळेबंदीत काही मुस्लिम पुरुष ताटे-भांडी चाटत असल्याची चित्रफीत ‘कोरोना पसरवण्याचा कट’ म्हणून फिरली. ती 2018 पासून इंटरनेटवर होती, हे शोधाने लगेच सिद्ध झाले. पण माणसे भांडी का चाटतात, याचे उत्तर यंत्राकडे नव्हते. ते दाऊदी बोहरा होते. त्यांच्यात सात-आठ जण एका मोठ्या थाळाभोवती बसून जेवतात, चिमूटभर मिठाने सुरुवात करतात आणि अन्नाचा कणही वाया जाऊ देत नाहीत. मुंबईच्या भेंडी बाजारात बोहरा शेजाऱ्याकडे एकदा जेवलेल्या कोणालाही हे सांगता आले असते. पानात टाकू नये हे मराठी घरातही मुलांना पहिल्या घासापासून शिकवतात. तोच संस्कार, पण अनोळखी घरातला, आणि त्याला विषप्रयोग ठरवले गेले. तपासणी करणाऱ्या पत्रकारांना शेवटी त्या समाजातल्या माणसालाच विचारावे लागते, आणि ही पायरी घाईत सर्वांत आधी गाळली जाते.

एकदा उघड झालेला खोटा फोटो कायमचा बाद होतो, हा समजही टिकत नाही. युशूच्या भूकंपाचा तो फोटो खोट्या ओळीचा असल्याचे 2012 मध्येच अनेकांनी पुराव्यानिशी दाखवले होते. 2017 मध्ये लाखो रोहिंग्या म्यानमार सोडून बांगलादेशात आले तेव्हा तो पुन्हा फिरू लागला, तेच भिक्षू, त्याच रांगा आणि जवळपास तीच ओळ.