चेहऱ्यातील वेगळेपण

चेहऱ्यातील वेगळेपण : चेहऱ्याची ठेवण, त्वचा किंवा हालचाल जन्मतः अथवा पुढे आजार, भाजणे, अपघात यांमुळे निराळी असणे. ‘विद्रूपता’ हा रूढ शब्द माणसालाच दोष लावतो, म्हणून येथे टाळला आहे.

नाशिकचे नावच या विषयाशी जोडतात. लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका पंचवटी-तपोवनात कापली म्हणून नासिक, ही सर्वश्रुत व्युत्पत्ती. नऊ शिखरांवरून ‘नवशिख’ हे दुसरे मत. पाणिनीय व्याकरणपरंपरा ‘नासिक्य’ हे नगरनाम जाणते. पांडवलेण्यांतील क्र. १९ च्या लेण्यात सातवाहन राजा कृष्णाच्या काळातील लेखातही नासिकचा निर्देश आहे. तो बहुधा इ. स. पू. पहिल्या शतकातील असावा; काहींच्या मते त्याआधीचा. नाव भूरूपावरून पडले व कथा मागाहून जोडली गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नाक कापणे ही शिक्षा होती, त्यामुळे नासासंधानाची (नाक पुन्हा घडवण्याच्या शस्त्रक्रियेची) गरजही जुनी. सुश्रुतसंहितेत (काळ विवाद्य) नाकाच्या मापाचे पान कापून तेवढे गालाचे मांस उचलावे, त्याचा गालाशी सांधा राखून ते नाकावर बसवावे आणि श्वासासाठी नळ्या ठेवाव्यात, असा विधी आहे. कपाळाची त्वचा वापरण्याची पद्धत पुण्याकडे चालू होती. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी या गाडीवानावरील अशा शस्त्रक्रियेचे वर्णन १७९४ मध्ये लंडनला छापले गेले. ते वाचून इंग्रज शल्यविशारद जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तेथे ती केली.

जन्मजात प्रकारांत दुभंगलेला ओठ व टाळू प्रमुख. ओठ गर्भाच्या साधारण ४ ते ७ व्या, तर टाळू ६ ते ९ व्या आठवड्यात सांधला जातो. हा सांधा अपुरा राहिला की फट उरते. आनुवंशिक कल, आईचे धूम्रपान, गरोदरपणाआधीचा मधुमेह आणि अपस्मारावरील काही औषधे यांनी शक्यता वाढते. पुष्कळदा एकच कारण दाखवता येत नाही. ग्रहणात गरोदर बाईने विळी हाती घेतली म्हणून ओठ फाटला, ही समजूत निराधार आहे. तिने आईवर विनाकारण ठपका येतो आणि तो आयुष्यभर पुसला जात नाही. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ ही म्हणही त्याच वृत्तीतली.

जन्मखुणा, कोड, अर्दित (चेहऱ्याचा पक्षाघात), भाजल्याचे व्रण आणि कुष्ठरोगात नाकाचा दांडा बसणे हे इतर प्रकार.

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया बहुधा ३ ते ६ महिन्यांच्या वयात, टाळूची सुमारे वर्षाच्या आसपास करतात. त्याआधी दूध पाजणे व नंतर वाचोपचार हेही तितकेच महत्त्वाचे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत हे व्यंग समाविष्ट आहे.