कंप्युटरवर चांगला आवाज: कुठला सल्ला कुठल्या सालचा

गेल्या पावसात पर्वरीच्या एका मित्राचा फोन आला. नवीन फ्लॅट, जुना ॲम्प्लिफायर, दोन बऱ्यापैकी स्पीकर, आणि गाणी लॅपटॉपवरून वाजवायची, तर "साउंड कार्ड खंयचें घेऊं सांग मरे". मला विचारायच्या आधी त्याचं चार जणांना विचारून झालं होतं. एक म्हणाला वेगळं साउंड कार्ड पाहिजेच, दुसरा म्हणाला आसिओ ड्रायव्हर टाकल्याशिवाय ऐकूच नको, तिसरा म्हणाला विंडोजचा व्हॉल्यूम कायम शंभरवर ठेव, आणि चौथ्याने त्याला एक यूएसबी केबल दाखवली जिच्या किमतीत चवथीचं अख्खं सामान आलं असतं. गंमत म्हणजे यातलं कोणीच खोटं बोलत नव्हतं (केबलवाला सोडून, त्याच्याकडे येतोच). प्रत्येकाचा सल्ला एके काळी अगदी बरोबर होता, फक्त प्रत्येकाचा काळ वेगळा होता. त्यामुळे काय घ्यायचं ते सांगण्याआधी हे सल्ले आले कुठून ते त्याला सांगत बसलो, तेच इथे जरा नीट लिहितोय.

गोव्यात चांगल्या आवाजाची हौस कंप्युटरच्या कितीतरी आधीची. पोर्तुगिजांनी १९४६ साली पणजीत 'एमिसोरा द गोवा' रेडिओ सुरू केला, मुक्तीनंतर तिथेच आकाशवाणी आली. पुढे बोटीवर जाणारे तारवटी आणि गल्फला गेलेले लोक सुट्टीवर येताना टेप, टू-इन-वन, डेक घेऊन यायचे. आमच्या घरातला पहिला बरा आवाज मामांनी कुवेतहून आणलेल्या टू-इन-वनचा. त्या सगळ्या यंत्रांत एक गोष्ट सारखी होती, ती गाणं वाजवायलाच बनवलेली होती. कंप्युटरचं तसं नाही. १९८१ चा आयबीएम पीसी ऑफिसच्या कामाला बनवला होता आणि त्याच्या स्पीकरला 'टुंक' करण्यापलीकडे फारसं काही जमत नव्हतं. आवाज हा त्यात नंतर घुसवलेला पाहुणा, आणि पुढची सगळी भांडणं त्यातूनच आली.

तिकडे डिजिटल आवाजाचं गणित वेगळ्याच कारणाने ठरलं. सोनी आणि फिलिप्सने मिळून सीडीचं स्टँडर्ड १९८० मध्ये केलं, १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सीडी बाजारात आली, १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाची सेकंदाला तेवढी मापं, प्रत्येक माप १६ बिटांचं. हा ४४,१०० चा विचित्र आकडा कुठून आला? माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याच्या दुपटीपेक्षा जरा जास्त सॅम्पल हवेत, इथपर्यंत विज्ञान. पण नेमका ४४,१०० च का, तर त्या वेळी एवढा डेटा साठवायला व्हिडिओ टेपशिवाय परवडणारं काही नव्हतं, आणि टीव्हीच्या चित्राच्या एका ओळीत तीन सॅम्पल बसवले, एका फील्डमध्ये (म्हणजे टीव्हीच्या अर्ध्या चित्रात) वापरता येतील अशा २४५ ओळी धरल्या आणि सेकंदाला ६० फील्ड, की गुणाकार बरोबर ४४,१०० येतो. युरोपच्या टीव्हीचं ५० फील्ड आणि २९४ ओळी घेतल्या तरी तेवढाच. म्हणजे आपण आजही जे गाणं ऐकतो त्याचा वेग जुन्या व्हिडिओ टेपने ठरवलाय, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अर्धा तास कागदावर गुणाकार करत बसलो होतो.

पीसीत आवाज आला तो गेमसाठी. १९८७ चं ॲडलिब कार्ड, मग १९८९ चं सिंगापूरच्या क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर. नव्वदच्या दशकात सीडी-रॉम ड्राइव्ह आला, आणि तेव्हा ऑडिओ सीडी लावली की तिचा आवाज प्रोसेसरमधून जातच नव्हता हे आता कोणाला आठवत नसेल. ड्राइव्हच्या पोटातच डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप असायची आणि मागून चार पिनांची एक बारीक वायर साउंड कार्डाला जायची. कॅबिनेट उघडलं की ती वायर हमखास पॉवर सप्लायला घासून गेलेली. २००१ साली फोंड्याला आमच्याकडे असेंबल केलेला पीसी आला, त्यात माऊस हलवला की स्पीकरमधून चिरचिर यायची, हार्ड डिस्क फिरली की वेगळी कुरकुर, नुसतं ऐकून सांगता यायचं की कंप्युटर आता काय करतोय. पणजीच्या एका दुकानदाराने त्यावर महागडं कार्ड गळ्यात मारलं, तेही त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच पॉवर सप्लायवर, चिरचिर तशीच, फक्त जरा जास्त स्पष्ट ऐकू यायला लागली! तर 'ॲनालॉगचं काम कॅबिनेटच्या बाहेर काढा' हा सल्ला त्या काळचा, आणि तो आजही खरा आहे. फक्त बाहेर काढायला आता साउंड कार्ड लागत नाही, बोटाएवढा यूएसबी डॅक (डिजिटलचं ॲनालॉग करणारी छोटी डबी) पुरतो.

यानंतरची भानगड आवाजात नव्हती, सॉफ्टवेअरमध्ये होती, आणि माझ्या मते कंप्युटर ऑडिओचं नाव सगळ्यात जास्त हिने खराब केलं. इंटेलने १९९७ मध्ये एसी-९७ स्टँडर्ड आणलं, त्यामुळे मदरबोर्डवरच फुकटात साउंड यायला लागला, पण त्याचा मूळ वेग ४८ हजार, डीव्हीडीवाला. तुमची सीडी ४४.१ हजारची. मग मधे कोणीतरी बसून प्रत्येक १४७ सॅम्पलचे १६० करायचे, आणि हे काम नीट करायला बरंच गणित लागतं, जे त्या काळच्या स्वस्त चिपा आणि ड्रायव्हर घाईघाईत उरकायचे. बऱ्याच महागड्या कार्डांचं पोटातलं कामही ४८ हजारवरच चालायचं. वरून विंडोज ९८ पासून एक्सपीपर्यंत के-मिक्सर नावाचा प्रकार होता, तो सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र कालवायचा, म्हणजे नाट्यगीत चालू असताना मध्येच मेल आल्याची टिंग वाजू शकायची, ती याच्यामुळे. गाण्याचे बिट जसे फाइलमध्ये आहेत तसेच बाहेर जावेत म्हणून लोकांनी पळवाटा काढल्या. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीचं आसिओ खरं तर स्टुडिओवाल्यांसाठी होतं, रेकॉर्डिंग करताना आवाज उशिरा येऊ नये म्हणून, पण ते के-मिक्सरला वळसा घालून जायचं म्हणून घरच्या लोकांनी उचललं. मग २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं, लोकांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या, पण आवाजाची सगळी मांडणी त्यात नव्याने केली होती आणि वासापी नावाची सोय आली, जिच्या एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये एकच प्रोग्राम थेट डॅकशी बोलतो, बाकी सगळे गप्प. म्हणजे आसिओचा हट्ट हा एक्सपीच्या जमान्यातला हट्ट आहे. आज फूबारसारख्या फुकट प्लेयरमध्ये वासापी निवडलं की झालं, आणि तेही नको असेल तर साउंडच्या सेटिंगमध्ये डॅकचा वेग ४४,१०० करून ठेवा, सीडीवरून उतरवलेल्या गाण्यांना मधला कालवणारा आचारी जवळपास हात लावत नाही.

व्हॉल्यूम शंभरवर ठेवायचा सल्लाही असाच. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल, १६ बिट म्हणजे ९६. सगळी साखळी १६ बिटांची असताना विंडोजमध्ये आवाज २४ डेसिबलने उतरवला की चार बिट गेले, उरलं १२ बिटांचं गाणं. आता डॅक २४ बिटांचा असतो, खालचे जास्तीचे आठ बिट जवळपास रिकामेच, त्यामुळे थोडा आवाज तिथून कमी केलात तर बिघडत नाही. अगदी तळाला नेऊन ॲम्प फुल ठेवू नका इतकंच.

एमपीथ्रीचं सगळ्यांना माहीत आहे, जर्मनीतल्या फ्राउनहोफरचं संशोधन, १९९५ मध्ये ते फाइलनाव ठरलं, १९९७ चा विनॲम्प प्लेयर, १९९९ चं गाणी एकमेकांना फुकट वाटायचं नॅपस्टर. सीडीला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, आपण १२८ मध्ये भागवत होतो, म्हणजे अकरावा हिस्सा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दीडशे गाण्यांच्या सीडी मिळायच्या, त्यातल्या बऱ्याच आधीच दोनदा दाबलेल्या फाइलींवरून पुन्हा दाबलेल्या. तेव्हा इलाजही नव्हता, २० जीबीच्या डिस्कवर तीसेक सीडी पूर्ण उतरवल्या की डिस्क भरली. २००१ मध्ये फ्लॅक आलं, गाणं साधारण निम्म्या जागेत बसतं आणि एकही बिट हरवत नाही. डिस्क स्वस्त झाल्या आणि हा वाद तिथेच संपायला हवा होता. २०२१ पासून ॲपल म्युझिक जास्तीचे पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे बिट न हरवलेलं गाणं देतंय, तरीही लोक ते ब्लूटूथवरून, म्हणजे पुन्हा दाबून, वाजवतात आणि मग फरक कळत नाही म्हणतात.

फाइल कितीही मोठी केली तरी मूळ रेकॉर्डिंगच्या पुढे जाता येत नाही, हेही इथे सांगायला हवं. आमच्या शेजारच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, आणि ती तबकडी ॲनालॉग, सोबत वाजवायला सुईसुद्धा दिलेली. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या. त्यांचं ऐकायला मिळतं ते बरंचसं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेलं, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं आणि सोबत खरखर. ती खरखर १९२ हजार सॅम्पलने मोजली तर जास्त बारकाईने मोजलेली खरखर मिळते. त्यापेक्षा तबकडीवरून साफ करून चांगलं उतरवलेलं साधं १६ बिटचं रेकॉर्डिंग शोधावं, बाई त्यात जास्त भेटतात.

आता यूएसबी. यूएसबी ऑडिओचं पहिलं स्टँडर्ड १९९८ चं. त्यात कंप्युटर दर मिलिसेकंदाला एक पुडकं पाठवतो, सेकंदाला हजार. ४४,१०० ला हजाराने भाग जात नाही, म्हणून नऊ पुडक्यांत ४४ सॅम्पल आणि दहाव्यात ४५, असं खेळत बसायचं. सुरुवातीचे डॅक कंप्युटरच्या तालावर चालायचे, पुडकी जशी येतील तसं आपलं घड्याळ मागेपुढे करायचे. म्हणजे तबलजी लय धरतोय आणि गवई त्याच्या मागे धावतोय, आणि तबलजी मध्येच अँटिव्हायरसचं काम करायला उठतो. घड्याळाच्या या थरथरीला जिटर म्हणतात. पुढे असिंक्रोनस पद्धत वापरात आली, त्यात घड्याळ डॅकचं स्वतःचं, आणि तोच कंप्युटरला सांगतो आता थोडं जास्त दे, आता थोडं कमी. २००६ ला यूएसबी ऑडिओचं दुसरं स्टँडर्ड आलं, मोठ्या फाइलींची अडचण गेली, मॅकने ते लवकर घेतलं, विंडोज १० मध्ये मात्र त्याचा स्वतःचा ड्रायव्हर यायला २०१७ उजाडलं. आता केबलवाल्याकडे येऊ. असिंक्रोनस डॅकमध्ये घड्याळ डॅकच्या पोटात आहे, केबलमधून फक्त आकडे येतात आणि ते आधी बफरमध्ये (डॅकच्या तात्पुरत्या साठवणीत) जमा होतात, मग चांदीची केबल त्या आकड्यांचं करणार काय? केबल सैल असेल तर खटखट येईल, ती बदला, प्रिंटरची चालेल.

आमच्याकडे केबलपेक्षा मोठा त्रास अर्थिंगचा. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, ॲम्प दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटवर, त्याला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेला, आणि बॉक्सची वायर गच्चीवरच्या डिशला. जमिनीकडे जायला दोन-तीन वाटा झाल्या की त्यांच्यात करंट फिरतो आणि स्पीकरमधून ५० हर्ट्झची घूंऽऽ सुरू होते. चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा, घूं गेली तर डॅकला शिव्या देऊ नका. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, किंवा डॅकला ऑप्टिकलने जोडा, काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, करंट जात नाही. पण काही लोक अर्थची पिनच तोडतात, ते कृपा करून करू नका, आपल्याकडे पावसात भिंतीसुद्धा ओल्या असतात. शिवाय याच ओलीने ॲम्पच्या मागच्या पिनांवर हिरवं चढतं, वर्षातून दोनदा पुसून घेतलं तर एका बाजूचा गेलेला आवाज बऱ्याचदा परत येतो.

मित्राच्या घरी शेवटी गेलो तेव्हा घूं निघाली सेट-टॉप बॉक्सची, ती वायर काढली आणि गेली. पण खरा प्रॉब्लेम खोलीचा होता. खाली चकचकीत टाइल्स, वर स्लॅब, तीन बाजूंना कोऱ्या भिंती, टाळी वाजवली तर टाळी परत यायची. दोन भिंतींत चार मीटर अंतर असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुपटीला, ८६-८७ ला, आवाज खोलीत अडकून फुगतो, आणि डग्ग्याची गुंज नेमकी तिथेच असते. रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि एक मापायचा माइक घेतला की हे पडद्यावर डोंगरासारखं दिसतं. कंप्युटरवर गाणी ऐकण्याचा खरा फायदा मला विचाराल तर हा आहे, तो डोंगर त्याच कंप्युटरमध्ये फिल्टर लावून छाटता येतो, टू-इन-वनमध्ये ते कुठून करणार. त्याला भिंतीपासून हातभर पुढे स्पीकर ओढायला लावले, मागे जाड पडदा, मध्ये चटई. डॅक साधाच घेतला. साउंड कार्ड घेतलंच नाही.

माझं घर जुनं, जाड चिऱ्याच्या भिंती, वर उतरती कौलं, सपाट छत नाहीच, आणि खर्जाचा आवाज कौलांच्या फटींतून निघून जातो, त्यामुळे ही गुंज आमच्याकडे फारशी साठत नाही. पण जून लागला की त्याच कौलांवर पाऊस वाजायला लागतो आणि त्याच्यापुढे कुठलाच डॅक चालत नाही. त्यामुळे पावसात मी ऐकत नाही, सीडी उतरवत बसतो. नाट्यगीतांच्या सत्तावीस राहिल्यात यंदा, त्यातल्या दोन ड्राइव्ह वाचायलाच तयार नाही.