पोर्ट फॉरवर्ड करूनही कॅमेरा बाहेरून का दिसत नाही : नॅटची पार्श्वभूमी

सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी) बसवला, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेले कनेक्शन आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवण्याचा) नियम टाकला, तरी बाहेरून कनेक्शन लागत नाही. भारतातल्या ब्रॉडबँड ग्राहकांची ही नेहमीची तक्रार, आणि अनेकदा नियमात काहीच चुकलेले नसते. खोट कुठे आहे ते कळायला नॅट (नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजे आतल्या पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता घालणे) आले कुठून हे पाहावे लागते, कारण राउटरच्या त्या पानावरचा जवळजवळ प्रत्येक पर्याय म्हणजे कुठल्या तरी काळात केलेली डागडुजी आहे.

सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देणाऱ्या आयपी या प्रोटोकॉलची चौथी आवृत्ती ठरली. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे फार तर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. ते वाटले जात ठोक गटांत. ‘सी’ वर्गात २५६ पत्ते, ‘बी’ वर्गात ६५,५३६. मध्यम आकाराच्या संस्थेला पहिला गट अपुरा पडे, म्हणून ती दुसरा मागून घेई आणि त्यातले बहुतेक पत्ते पडून राहत. १९९० नंतर ‘बी’ वर्ग संपत आल्याचे दिसू लागले. १९९३ मध्ये वर्ग मोडून हव्या त्या आकाराचे तुकडे देण्याची पद्धत आली, आणि त्याच वर्षी पॉल त्सुचिया (पुढे पॉल फ्रान्सिस) व टोनी एंग यांनी तेच पत्ते अनेक ठिकाणी पुन्हा वापरण्याची कल्पना मांडली. मे १९९४ च्या आरएफसी १६३१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) केल्ड एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी तिला नॅटचे रूप दिले. हा दीर्घकालीन उपाय नव्हे, हे त्यांनी त्याच मसुद्यात स्पष्ट लिहून ठेवले होते. फक्त आतल्या जाळ्यात चालणाऱ्या खासगी पत्त्यांवरही तेव्हा कडाक्याचा वाद झाला. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने १०.०.०.०, १७२.१६.०.० आणि १९२.१६८.०.० पासूनचे तीन पट्टे कायम केले. राउटरचे पान आज १९२.१६८.१.१ वर उघडते ते त्यामुळे.

मूळ मसुद्यात आतल्या एका यंत्रामागे बाहेरचा एक पत्ता लागे. घरी तर सगळ्यांत मिळून एकच पत्ता मिळतो, म्हणून पोर्टही (एकाच पत्त्यावरची वेगवेगळी कनेक्शन ओळखायचा क्रमांक) बदलण्याची युक्ती रूढ झाली. १९९६ च्या लिनक्स २.० मधले मास्करेडिंग (तिथले याच युक्तीचे नाव) यासाठी ६१००० पासूनचे ४,०९६ पोर्ट राखून ठेवी. १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत इंटरनेट कनेक्शन शेअरिंग आले आणि पाठोपाठ तेच काम करणारे छोटे घरगुती राउटर.

घडते ते असे. लॅपटॉप १९२.१६८.१.२३ च्या ५१२३४ पोर्टवरून पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पाठवतो. राउटर पाठवणाऱ्याच्या जागी आपला सार्वजनिक पत्ता घालतो, लागल्यास पोर्ट बदलतो, चेकसम (चूक तपासायचा आकडा) नव्याने काढतो आणि ही जोडी तक्त्यात टिपून ठेवतो. उत्तर आले की तक्ता पाहून ते लॅपटॉपकडे वळवतो. बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटची नोंदच नसते, म्हणून ते टाकून दिले जाते. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या तक्त्यात हाताने केलेली कायमची नोंद. यूपीएनपी तीच नोंद यंत्राला स्वतः करू देते, तीही परवानगी न विचारता, म्हणून ते बंद ठेवावे. ‘डीएमझेड’ तर नोंद नसलेले सगळेच एका यंत्राकडे ढकलते. डीव्हीआर तिथे कधीही ठेवू नये.

एफटीपी (फाइल पाठवण्याचा) आणि एसआयपी (इंटरनेटवरून फोन लावण्याचा) हे प्रोटोकॉल आपला पत्ता पॅकेटच्या आतल्या मजकुरातही लिहितात. तो बदलायला राउटरमध्ये ‘एएलजी’ (ठरावीक प्रोटोकॉलचा आतला मजकूर वाचून बदलणारा भाग) आले. एसआयपीचे एएलजी अनेक राउटरांत अर्धवट चालते. कॉल लागतो पण आवाज एकाच बाजूने येतो, तेव्हा आधी ते बंद करून पाहावे. यूडीपीची (असे कॉल बहुधा ज्यावरून जातात त्या प्रोटोकॉलची) नोंद किमान दोन मिनिटे टिकावी असे जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७८७ ने सांगितले, तरी काही राउटर ती ३० सेकंदांतच पुसतात. मग येणारा कॉल फोनपर्यंत पोहोचतच नाही. फोनचा कीप-अलाइव्ह (नोंद टिकवायला ठरावीक वेळाने जाणारे पॅकेट) २०–२५ सेकंदांवर ठेवला की हे थांबते.

आता कॅमेऱ्याकडे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट वाटले गेले. १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकची एपनिक ही संस्था आपल्या अखेरच्या गटावर आली. भारतात पत्ते येतात ते तिच्याकडूनच. त्यानंतर अनेक सेवादात्यांनी आपल्याकडेही नॅट बसवले, म्हणजे सीजीनॅट. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा राखला गेला. बाहेरचा एक पत्ता अनेक घरांत वाटला जातो, आणि तिथल्या तक्त्यात आपल्याला नोंद करता येत नाही.

म्हणून नियम टाकण्याआधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर सीजीनॅट आहे. फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नये, सेवादात्याकडे सार्वजनिक पत्ता मागावा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा फायबरचे ओएनटी (सेवादात्याची फायबर जोडायची पेटी) आणि आपला राउटर असे दोन नॅट एकामागे एक आहेत. ओएनटी ब्रिजवर (स्वतः नॅट न करता पॅकेट नुसते पुढे देण्याच्या स्थितीत) टाकून पीपीपीओई (सेवादात्याकडचे लॉगिन) आपल्या राउटरवर घ्यावे. १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ असेल तर दोन्ही शक्यता उरतात. पत्ता सार्वजनिक असेल तर प्रथम डीएचसीपीमध्ये (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणारी राउटरची सोय) डीव्हीआरचा पत्ता राखून ठेवावा, नाहीतर तो बदलला की नियम भलत्याच यंत्राकडे जातो. चाचणी मोबाइल डेटावरून करावी. घरच्या वायफायवरून सार्वजनिक पत्ता टाकल्यास पॅकेट राउटरपाशी वळून परत आत यावे लागते, आणि हे सगळ्या राउटरांना जमत नाही.

ज्या आयपीव्ही६ साठी (आयपीच्या सहाव्या आवृत्तीसाठी) हा तात्पुरता उपाय वाट पाहत होता, त्याचे पत्ते १२८ बिटांचे आहेत. डीव्हीआर आणि कनेक्शन दोन्हींना ते चालत असेल तर फॉरवर्डिंग लागत नाही. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तेवढ्या एका पत्त्याला, एका पोर्टला परवानगी द्यायची. मात्र सेवादाता पत्त्याचा सुरुवातीचा भाग बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचे नाव जोडणारी सेवा) लागते, आणि पाहणाऱ्या फोनच्या कनेक्शनवरही आयपीव्ही६ हवे.